झऱ्याभोवतीचे चाळीस एकर

जेबेझ नॅनकॅरोला मुलाऱ्यात सगळे जेबेझकाका म्हणत. कॉर्नवॉलकडची माणसं वयानं मोठ्या कुणालाही काका-काकू म्हणतात, आणि आमच्या गावात निम्मी वस्ती तिकडचीच. उरलेली निम्मी जर्मन. मी दोन्हींतला नव्हे. मी ॲडलेडहून कौन्सिलचा कारकून म्हणून आलो, आणि महिन्याभरात मीही त्याला काकाच म्हणू लागलो.

माणूस बुटका, खांद्यांनी रुंद, दाढी कडेकडेनं पिकलेली. चालताना पावलं मोजल्यासारखा चालायचा. खरं म्हणजे मोजतच असे. चॅपलपासून त्याच्या घरापर्यंत पावलं किती, हे विचारलं तर लगेच सांगायचा, आणि पावसाळ्यात चिखलामुळे चाळीसेक जास्त पडतात, हेही सांगायचा.

त्याचा आजा, बाप आणि तिन्ही भाऊ तांब्याच्या खाणीत कामाला. हाही बाराव्या वर्षी खाली उतरला, पण जमिनीखाली त्याचा श्वास कोंडायचा. खाणवाल्याच्या घरात हे सांगणं म्हणजे कोळ्याच्या पोरानं पाण्याची भीती वाटते म्हणण्यासारखं. सात वर्षं त्यानं कुणाला सांगितलं नाही. मग भावांबरोबर जहाजात बसून दक्षिण ऑस्ट्रेलियात आला. बघतो तर इथंही तांबंच. भाऊ बर्राच्या खाणीत शिरले आणि जेबेझ सरकारी मोजणीदाराच्या तंबूपुढे जाऊन उभा राहिला. साखळी ओढायला माणूस हवा होता. काम उघड्यावरचं होतं, एवढं त्याला पुरलं.

ही साखळी सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची. दोन माणसं तिची दोन टोकं धरून चालतात. एक साखळी संपली की पुढचा माणूस जमिनीत लोखंडी बाण रोवतो आणि मागचा तो उपटून जवळ ठेवतो. असे दहा बाण. मागच्याच्या हातात दहाही आले की दहा साखळ्या झाल्या. मोजणीदार दुर्बिणीतून बघणार, वहीत लिहिणार आणि नकाशावर नाव टाकणार. पण जमीन खरी मोजली जाते ती ह्या दोघांच्या पायांनी. हे काकाचं म्हणणं, आणि तो ते बऱ्याचदा म्हणायचा.

अठराशे अडुसष्टच्या उन्हाळ्यात लॅसेल्स नावाच्या मोजणीदाराची तुकडी मुलाऱ्यात उतरली. मुलारा तेव्हा नव्हतंच. गवत होतं, निलगिरीची झाडं होती, आणि पर्विस नावाच्या माणसाची मेंढरं होती. सरकारचा रिवाज असा की आधी गाव आखायचं, मग माणसं आणायची. लॅसेल्स साहेब लांबट, खोकणारा, चहात साखर न घालणारा माणूस. पहिले चार दिवस तो नुसता हिंडला. पाचव्या दिवशी त्यानं कागदावर चौकोन पाडले आणि जेबेझ खुंट्या ठोकत मागून निघाला.

तिसऱ्या का चौथ्या जागेला जेबेझनं विचारलं, "साहेब, ही कशासाठी?"

"स्मशान."

"इथं मरायला आहे कोण? राहायलाच अजून कुणी आलेलं नाही."

"येतील," लॅसेल्स म्हणाला. "आले की मरतीलही. तू खुंटी सरळ ठोक."

"आणि ती मघाची?"

"शाळा. तिच्या शेजारी कोर्ट. ओढ्याकडेला दवाखाना. गावाभोवती सगळीकडून अर्धा मैल गायरान."

"मग लोकांनी राहायचं कुठं?"

"उरलेल्या जागेत."

जेबेझला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट मजा वाटली. त्याच्या मुलखात प्रत्येक दगड कुणाच्या तरी मालकीचा. इथं एक खोकणारा माणूस उन्हात उभा राहून, अजून न आलेल्या लोकांसाठी जागा बाजूला काढत होता, आणि ती जागा उद्या लाटसाहेबालाही विकत घेता येणार नव्हती. काकानं मला हे सांगितलं तेव्हा तो साठीला टेकला होता. सांगताना त्याचा हात आपोआप हातोडा धरल्यासारखा व्हायचा.

मोजणीच्या वहीत एके ठिकाणी 'झरा सापडला' अशी नोंद आहे. तुकडीकडचं पाणी संपत आलं होतं आणि झरा कुणाला सापडला नव्हता. गावाच्या जागेपासून पूर्वेला मैलभरावर त्या मुलखातल्या मूळच्या न्गाजुरी लोकांची दोन-तीन कुटुंबं बसली होती. त्यांतली एक तरुण बाई लाकडी परातीनं वाळू उपसत होती. हातभर खणल्यावर पाणी आलं. तिनं आधी आपल्या लेकरांना पाजलं, मग परात भरून जेबेझपुढे धरली. लॅसेल्सही तिच्याच परातीतून पाणी प्यायला. तिचं खरं नाव आमच्यापैकी कुणालाच कधी कळलं नाही. पुढे गाव तिला मेरी ॲन म्हणू लागलं.

लॅसेल्सनं झऱ्याभोवती वीस साखळ्या लांब, वीस साखळ्या रुंद चौकोन आखला. बरोबर चाळीस एकर. पश्चिमेचा तुकडा आधीच पर्विसच्या नावानं लागलेला होता. त्यामुळे झरा चौकोनाच्या मधोमध येईना. पश्चिमेच्या हद्दीपासून जेमतेम अर्धी साखळी आत राहिला. लॅसेल्सनं कागदावर लिहिलं, 'पाणी. सर्व जनतेसाठी कायम राखीव.' जेबेझनं चार कोपऱ्यांवर चार खुंट्या ठोकल्या. देवदारासारखं एक जंगली झाड होतं, त्याच्या लाकडाला वाळवी लागत नाही. त्याच्या खुंट्या. प्रत्येकीवर सरकारी बाणाची खूण आणि नंबर डागलेला.

तुकडी पुढे गेली. दोन वर्षांनी जेबेझ बायकोला घेऊन परत आला. थिर्झा बर्राच्या एका लोहाराची मुलगी. उंच, तिखट जिभेची, कामाला वाघीण. गावातले प्लॉट लिलावात गेलेले होते. जेबेझच्या हाताशी फारसं काही नव्हतं आणि लिलावाच्या दिवशी तो आणखी उत्तरेला कुणाची तरी जमीन मोजत होता. त्यानं सरळ झऱ्याच्या राखीव जागेत, वायव्येच्या कोपऱ्यात, दगडाचं दोन खोल्यांचं घर बांधलं. पश्चिमेच्या भिंतीला धुराडं, त्याखाली मोठी चूल, चुलीखाली एक रुंद सपाट दगड. घर कुठं बांधतोय हे त्याला इंचाइंचानं ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. पाणी मुबलक होतं. जागा मैलभर लांब होती. गावात घर बांधण्याच्या घाईत असलेल्यांना झऱ्यापाशी एक म्हातारा होत चाललेला साखळीवाला राहतो, ह्याची फिकीर नव्हती.

तिथंच त्यांची मुलगी झाली, वाढली, लग्न होऊन पोर्ट पिरीला गेली. थिर्झाकाकूनं बटाटे लावले, कोबी लावला. शनिवारी केशरी पाव भाजून गावात आणायची. मेरी ॲन आणि तिची माणसं दर हिवाळ्यात यायची. झऱ्याच्या पलीकडे झोपड्या करून दोन महिने राहायची आणि जायची. काकू त्यांना कधी कोबी द्यायची, त्या बायका तिला कधी घोरपड आणून द्यायच्या. घोरपड काकू शिजवायची नाही, पण घ्यायची.

अठ्ठ्याऐंशीचा दुष्काळ आला तेव्हा मी मुलाऱ्यात सहा वर्षं काढली होती. पाऊस दोन वर्षं नीट पडला नव्हता. टाक्या तळाला गेल्या, विहिरींचं पाणी तोंडात धरवेना. गावाला अचानक झरा आठवला. पिंपं लादून गाड्या निघाल्या आणि पोचल्या तेव्हा झऱ्याला तारेचं कुंपण होतं आणि फाटकाला कुलूप.

कुंपण पर्विसचं. रॉडरिक पर्विस काही लबाड माणूस नव्हता, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. मेंढरं तहानेनं मरत होती. त्याची खात्री होती की झरा त्याच्याच तुकड्यात आहे. कौन्सिलच्या बैठकीत तो टोपी मांडीवर ठेवून शांतपणे बोलला.

"गाव वसायच्या आधीपासून माझी मेंढरं तिथं पाणी पितात. तुमची हद्द कुठून जाते ते दाखवा. दाखवलीत तर तार काढतो."

दाखवणार काय? आग्नेयेची खुंटी पुरात गेली होती. दक्षिणेची दुसरी वणव्यात जळली होती. ईशान्येची कुणाच्या तरी नांगरानं केव्हाच उपटली होती. वायव्येची कुणाला माहीत नव्हती. नकाशात चौकोन होता, पण नकाशा जमिनीवर अंथरता येत नाही. मी ॲडलेडला पत्र लिहिलं, नवी मोजणी करून द्या म्हणून. तोवर गाड्या नऊ मैलांवरच्या नदीकडे जाऊ लागल्या.

कौन्सिलच्या सांगण्यावरून मी जेबेझकाकाकडे गेलो. तो कोबीला पाणी घालत होता. त्याच्या अंगणातली विहीर त्याच झऱ्याच्या पाण्याची.

"काका, खुंट्या तुम्हीच ठोकल्या होत्या ना?"

"मीच."

"मग वायव्येची कुठं असेल?"

त्यानं झारी खाली ठेवली. "वीस वर्षं झाली रे बाबा," म्हणाला आणि पुन्हा झारी उचलली.

तो खोटं बोलला नव्हता. पण ह्या माणसाला चॅपलपर्यंतची पावलं पाठ होती. मी परत येताना त्यावर विचार केला आणि मग सोडून दिला.

पुढे थिर्झाकाकूनं मला सांगितलं ते असं. त्याच आठवड्यात पर्विस त्यांच्याकडे आला होता. चहा प्यायला. म्हणाला, मोजणी माझ्या बाजूनं झाली तर हे घर माझ्या जमिनीत येईल. मी तुम्हाला हलवणार नाही, घर आणि अर्धा एकर तुमच्या नावे रीतसर करून देईन. काकू म्हणाली, लेखी? तो म्हणाला, लेखी. बदल्यात काही करायचं नव्हतं, काही बोलायचं नव्हतं. मोजणीदाराला त्याचं काम करू द्यायचं, बस्स. काकूनं त्याला दुसरा कप ओतला. वीस वर्षांत त्या घराबद्दल 'लेखी' हा शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती.

मार्चमध्ये नवा मोजणीदार आला. तरुण, अभ्यासू, गोरा चेहरा उन्हानं सोललेला. त्याच्या हाताखाली दोन साखळीवाले, बंदरावरून आणलेले. कोर्टाच्या कोपऱ्यावरची मूळ खुंटी शाबूत होती. तिथून पूर्वेला ऐंशी साखळ्या मोजायच्या की राखीव जागेचा वायव्य कोपरा. कौन्सिलतर्फे मी हजर होतो, पर्विस घोड्यावर होता, आणि जेबेझकाका बोलावल्याशिवाय आला होता. पन्नास पावलं मागून, हात पाठीशी बांधून चालत होता.

मधे एक घळ आहे. साखळीवाले घळीत उतरून पलीकडे चढले तेव्हा काका थांबला, खाली बघत राहिला. मला वाटलं धाप लागली. संध्याकाळपर्यंत रेघ पुरी झाली आणि मोजणीदारानं नवी खुंटी ठोकली ती काकाच्या घराच्या पूर्वेला, बटाट्याच्या वाफ्यापलीकडे. त्या हिशेबानं घर पर्विसच्या जमिनीत, आणि झराही. पर्विस घोडा वळवून निघून गेला. काका खुंटीकडे बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी मोजणीदार दक्षिणेची रेघ मारत होता. काका पुन्हा मागे. दुपारी मी त्याला भाकरीचा तुकडा देऊ केला, त्यानं घेतला आणि हातातच धरून ठेवला. सावलीत बसल्याबसल्या साखळीवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमच्या वेळी घळ उतरताना साखळी आडवी ताणून धरत. ही पोरं चिंध्या वाळत घातल्यासारखी धरतात."

"म्हाताऱ्या, तू ये की ओढायला," त्यांतला एक म्हणाला.

"मला ओढायची नाही. मला मोजता येतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी मोजणीदार वही बंद करून सामान बांधायला लागला. पर्विसही आला होता, कागदावर सही करायला. काका सरळ मोजणीदारापुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, तुमचे बाण मोजा."

"काय?"

"बाण. किती आहेत?"

"दहा," मोजणीदार म्हणाला. "नेहमी दहाच असतात."

"मोजा तर खरं."

साखळीवाल्यानं पिशवीतून बाण काढून जमिनीवर ओळीनं ठेवले. नऊ निघाले. त्यानं पिशवी उलटी करून झटकली.

"दहावा घळीत आहे," काका म्हणाला. "पहिल्याच दिवशी मागे सुटला. उतरताना ह्यानं रोवला, त्याच्याकडून उपटायचा राहिला. एक साखळी मोजलीत पण हिशेबात धरली नाहीत. तुमची खुंटी एक साखळी पुढे गेली आहे."

पर्विस घोड्यावरून म्हणाला, "नॅनकॅरो, विचार करून बोल."

"विचार दोन दिवस करतोय, पर्विस साहेब. जमलं नाही."

आम्ही घळीत गेलो. बाण गवतात उभाच होता, त्याच्या कडीला बांधलेलं लाल चिंधीचं टोक हलत होतं. मोजणीदाराचा चेहरा आणखी लाल झाला. परत येऊन त्यानं आपल्या खुंटीपासून एक साखळी मागे धरली. साखळीचं टोक बटाट्याचा वाफा ओलांडून, अंगण ओलांडून, नॅनकॅरोंच्या घराच्या भिंतीला जाऊन टेकलं.

"इथून पुढे घर आहे," मोजणीदार म्हणाला. "कोपरा घराखाली येतोय. आता पुरावा कुठून आणू?"

"चुलीखालचा दगड उचला," काका म्हणाला. "खुंटी तिथं आहे."

थिर्झाकाकू दारातच होती. तिनं हे ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. बाकी कुणी बघितलं असेल तर माहीत नाही.

"शनिवार आहे," ती मोजणीदाराला म्हणाली. "पाव चुलीत आहेत. ते भाजून होईस्तोवर दगड उचलायचा नाही."

"हो बाई," मोजणीदार म्हणाला आणि टोपी काढून आत येऊन बसला. मीही बसलो. पर्विस बाहेरच राहिला. काकूनं चहा दिला. गरम गरम दोन पाव मोजणीदारानं खाल्ले. काका दारात उभा होता, बायकोच्या घरात पाऊल टाकायची परवानगी मागितल्यासारखा.

काकू विस्तवापुढे गुडघे टेकून पाव फिरवत होती. त्याच्याकडे न बघता बोलली.

"वीस वर्षं ह्या दगडापुढे बसून फुंकर मारली. खाली सरकार आहे हे एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर राहिली असतीस इथं?"

"राहिले असते. चूल दुसरीकडे मांडली असती."

शेवटचा पाव निघाल्यावर तिनं स्वतः निखारे लोखंडी घमेल्यात भरून बाहेर नेले, दगडावर पाणी ओतलं आणि केरसुणीनं राख लोटली. "आता उचला," म्हणाली, आणि कोबीच्या वाफ्याकडे निघून गेली.

दोन पहारी लावून दगड सरकवला. खाली नीट रचलेल्या दगडांची पेटी होती आणि पेटीत खुंटी. एका अंगानं काळी पडलेली, पण टणक. मोजणीदारानं गुडघ्यावर बसून बोटानं माती झटकली. बाणाची खूण आणि नंबर वाचता येत होता. त्यानं नंबर वहीत उतरवला, नकाशाशी ताडला. मग काकाकडे बघून म्हणाला, "चार कड्यांचा फरकही नाही."

"फरक कसा असेल," काका म्हणाला. "मी ओढली होती."

पर्विसनं शब्द पाळला. चार दिवसांत तार काढली. झऱ्यावर गाड्यांची रांग लागली ती पावसापर्यंत.

नंतर एकदा मी काकाला विचारलं, खुंटीवर चूल बांधली ती लपवायला की राखायला? "पहिली दोन-तीन वर्षं लपवत होतो," म्हणाला. "मग लोकांच्या गुरांपायी, नांगरांपायी बाकीच्या गेलेल्या बघितल्या, तेव्हापासून राखतोय असं वाटायला लागलं. नक्की केव्हापासून ते मोजलेलं नाही."

आता राखीव जागेची हद्द पक्की झाली, आणि तिच्या आत एक घर होतं. एप्रिलच्या बैठकीत विषय निघाला. कुणाला काढायचा नव्हता, पण पर्विसच्या वकिलाचं पत्र आलं होतं. सार्वजनिक जागेत एकाला राहू देता, तर दुसऱ्याची मेंढरं का नाहीत, असं त्यात विचारलं होतं. नोस्के नावाचा जर्मन शेतकरी कौन्सिलवर होता, जेबेझकाकाचा सगळ्यात जवळचा शेजारी. तो म्हणाला, "माणूस म्हणून मला हे बरं वाटत नाही. पण कायदा आहे." हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यानंही केला. नोटीस मी लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. तीन महिन्यांत जागा मोकळी करावी. खाली दुसरं कलम होतं, सगळ्या राखीव जागांच्या नियमांतून उतरवून घेतलेलं. सदर जागेत कोणीही एका रात्रीपेक्षा अधिक मुक्काम करू नये.

नोटीस द्यायला नोस्के माझ्याबरोबर आला. यायला हवं होतंच असं नाही.

काकानं कागद घेतला, उन्हात धरून पूर्ण वाचला. "बरोबर आहे," म्हणाला. "माझ्याकडे कागद नव्हताच."

"जेबेझ, मला वाईट वाटतं," नोस्के म्हणाला.

थिर्झाकाकू कपडे वाळत घालत होती. "तुमच्या गायी पाणी पिताना काय म्हणतात, नोस्केभाऊ? त्यांनाही वाईट वाटतं का, विचारा एकदा."

नोस्केनं टोपी घातली. त्यानंतर काका आणि तो एकमेकांशी बोलेनासे झाले.

काकानं घर स्वतःच उतरवलं. दगड वाया घालवायचा नाही म्हणून एकेक सुटा करून रचत होता. त्याच हिवाळ्यात मेरी ॲनची माणसं आली. चौथ्या दिवशी कॉन्स्टेबल घोड्यावरून आला आणि दुसरं कलम दाखवून त्यांना उठवून गेला. मेरी ॲन आता तरुण राहिली नव्हती. जाताना ती अर्ध्या पडलेल्या भिंतीपाशी थांबली.

"घर का पाडतोस?" तिनं विचारलं.

"ही जागा सगळ्यांची आहे," काका म्हणाला.

"सगळ्यांची," ती म्हणाली. "मग आम्हाला का उठवतात?"

हे काकानंच मला सांगितलं. त्या संध्याकाळी तो कौन्सिलच्या कचेरीत आला, समोर बसला आणि मला मूळ नकाशा काढायला लावला. लॅसेल्सची ओळ बोटानं दाखवली.

"सर्व जनता, असं लिहिलंय. जनता म्हणजे कोण, ते कुठं लिहिलंय?"

"ते लिहिलेलं नसतं, काका."

"मग लिहून विचार."

मी ॲडलेडला पत्र लिहिलं. काय लिहायचं ते तो सांगत होता, मी शब्द सरकारी करत होतो. त्या बाईनं झरा दाखवला, तिच्याच हातून आम्ही पहिलं पाणी प्यालो, हे वाक्य त्यानं मला तीनदा वाचायला लावलं. उत्तर आठ महिन्यांनी आलं. मजकुराची नोंद घेतली आहे, एवढंच. तोवर ती माणसं नदीच्या बाजूला गेलेली होती आणि मेरी ॲन मुलाऱ्यात पुन्हा दिसली नाही. काकाला मी उत्तर वाचून दाखवलं. त्यानं ते घडी करून माझ्याच टेबलावर ठेवलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, शाळेमागं, त्यानं एक लहान प्लॉट घेतला. जावयानं मदत केली. जुन्या दगडांनीच घर उभं राहिलं, चूल मात्र काकूनं सांगितली तिथं. पाणी दोघं सगळ्यांसारखं गाडीनं आणत, रांगेत उभं राहून. रांगेत कुणी पुढे सोडलं तर काकू नको म्हणायची.

ह्यानंतर काकाला एक खोड लागली. गावातल्या सगळ्या राखीव जागा तो पुन्हा मोजत सुटला. जुनी साखळी कुठूनशी पैदा केली आणि दुसरं टोक धरायला मला रविवारी ओढून नेई. शाळेच्या जागेत बेकरचं लाकूडघर दोन कड्या आत आहे. गायरानात नोस्केचं कुंपण आठ कड्या. दवाखान्याच्या जागेत तर खुद्द कौन्सिलचा तबेला अख्खा. प्रत्येक रविवारचं निघालेलं तो सोमवारी येऊन सांगे. सुरुवातीला लोक हसले. मग तो येताना दिसला की दार लावून घेऊ लागले. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याला जरा आवर. मी म्हटलं, तो म्हणतो ते खरं आहे. ते म्हणाले, खरं आहे म्हणूनच आवर.

तबेला हलायला चार वर्षं लागली. पण हलला. नोस्केनं कुंपण आपणहून मागे घेतलं आणि घेतल्यावर काकाला बोलावून मोजायला लावलं. दोघं त्या दिवशी पुन्हा बोलू लागले.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात काका छातीच्या दुखण्यानं गेला. सहा दिवस अंथरुणावर होता. त्याला खोलीची खिडकी बंद केलेली चालत नसे, थंडी असूनही. काकू त्याच्या अंगावर दोन घोंगड्या घालायची आणि खिडकी उघडी ठेवायची. अंत्यविधीला चॅपलमधली सगळी आली होती, जर्मनही बरेच. पर्विस आला, मागं उभा राहिला, गाणं संपायच्या आत गेला.

वसंतात थिर्झाकाकू पोर्ट पिरीला मुलीकडे गेली. जाण्याआधी घराची किल्ली द्यायला कचेरीत आली. साखळीचं काय करू, मी विचारलं. "तुला हवी असेल तर ठेव," म्हणाली. "नाहीतर भंगारात दे. मी ती घरात आठ वर्षं बघितली आहे." मग बाहेर जाऊन गाडीत बसली.

मी अजून मुलाऱ्यातच आहे. झऱ्यावर आता पवनचक्की आहे, गुरांसाठी लांब हौद आहे आणि उन्हाळ्यात शाळेची मुलं तिथं पोहतात. पाणी किंचित खारट लागतं. दुष्काळात लागायला लागलं होतं, ते पुढे तसंच राहिलं. गावाला आता त्याची सवय झाली आहे.